'काढणे' आणि 'चालणे' : शालेय प्रकल्पांतील उद्योगसंस्थापक

शालेय प्रकल्पवह्यांची गणना वाङ्मयात करण्याचा प्रघात नाही. तथापि चरित्रलेखनाचा पहिला सराव मुले तेथेच करतात, आणि त्या दृष्टीने त्यांची भाषा परीक्षणास पात्र ठरते. सदाशिव पेठेला 'प्रकल्प' हा शब्द नवा नाही. ज्ञानप्रबोधिनीची स्थापना १९६२ साली येथेच झाली. किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धती मांडली, तेव्हा त्यांचा भर विद्यार्थ्याच्या हेतुपूर्वक कृतीवर होता. उद्योगसंस्थापकांवरील आजच्या प्रकल्पांत ही कृती बहुधा अप्पा बळवंत चौकातून आणलेली चित्रे चिकटविणे आणि पुठ्ठ्याचा कारखाना उभारणे एवढ्यावर येऊन ठेपते. पुठ्ठ्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्याखालील मजकुराला.

हा मजकूर बहुशः एकाच साच्यात असतो : अमुक यांनी दुकान काढले, तमुक यांनी कारखाना काढला. तृतीयेतील कर्ता आणि भूतकाळी सकर्मक क्रियापद. मराठी व्यवहारात मात्र 'काढणे' एकटे नांदत नाही. दुकान कोणीतरी काढतो. मग ते चालते, बसते किंवा बुडते. ही क्रियापदे अकर्मक असून त्यांचा कर्ता दुकान स्वतः आहे. संस्थापकाला तेथे स्थान नाही. 'चालविणे' हे प्रयोजक रूप आहे खरे, परंतु 'त्यांनी दहा वर्षे चालविले, पण ते चालले नाही' हे वाक्य कोणाही मराठी भाषकास खटकणार नाही. संस्थापकाची सत्ता कोठे संपते आणि गिऱ्हाईक, कारागीर, उधारी व पाऊस यांची कोठे सुरू होते, याची नोंद भाषेने आधीच करून ठेवली आहे. प्रकल्पवही ती पुसून टाकते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच उदाहरण घ्यावे. १८८८ मध्ये बेळगावी सायकलींचे दुकान, पुढे लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी : तीन 'काढले'त चरित्र आटोपते. पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला. शंभुराव जांभेकरांसारखे यंत्रज्ञ लाभले. या घटनांतच उद्योग 'चालला'.

चितळ्यांचे दुकान तर येथील मुलांच्या रोजच्या वाटेवरचे. भिलवडीचा दुग्धव्यवसाय १९३९ चा, पुण्यातील दुकान १९५०चे, हे तक्त्यावर येते. २०१७ पर्यंत दुपारी एक ते चार बंद राहणारे दारही येते, पण ते विनोदापुरते. दुधासाठी भल्या पहाटे कामावर येणाऱ्या नोकराचा दिवस किती तासांचा भरत असे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही; वस्तुतः त्या दारामागे विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

नाट्यीकरणात सगळ्यांनाच लक्ष्मणराव व्हावयाचे असते. एका मुलाला नांगर नाकारणारा शेतकरी करून पाहावे. 'लोखंडाने जमीन नासते' एवढे पाठ केलेले वाक्य त्याला फार वेळ पुरत नाही. बैल किती, कर्ज कोणाचे आणि नांगर मोडल्यास दुरुस्ती कोण करणार, हे त्याला शोधून काढावे लागते.