एका राशीची दोन नावे

बायबलातील समेट म्हटला की याकोब आणि एसाव या भावांची गळाभेट सांगितली जाते. मला तिच्या आधीचा, उत्पत्तीचा ३१ वा अध्याय अधिक खरा वाटतो. तेथे आहे तो सासरा-जावयाचा करार.

याकोब लाबानाकडे २० वर्षे राबला; १४ त्याच्या दोन मुलींसाठी, ६ कळपासाठी. (मजुरी दहा वेळा बदलली, ही त्याची तक्रार.) शेवटी तो न सांगताच बायकामुलांसह निघाला. सासऱ्याने सात दिवस पाठलाग करून त्याला गिलादाच्या डोंगरात गाठले. घरातल्या देवमूर्तीही नाहीशा झाल्या होत्या. त्या राहेलीने उंटाच्या खोगिरात दडवल्या होत्या आणि ती वर बसून होती! झडतीत काही सापडले नाही. ही चोरी लाबानाला कळत नाही ती नाहीच, आणि करार होतो तो तिच्यासकट. कथाकार त्यावर चकार शब्द काढत नाही.

मग दगडांची रास रचली जाते, तिच्यापाशी जेवण होते. ही रास ओलांडून कोणी कोणाचे वाईट करायला यायचे नाही. मुलींना छळायचे नाही, त्यांच्यावर सवती आणायच्या नाहीत. लाबान राशीला आपल्या अरामीत यगर-सहादूथा म्हणतो, याकोब हिब्रूत गलेद. अर्थ एकच, साक्षीची रास. ग्रंथ हिब्रू, पण लाबानाचा शब्द त्यात तसाच ठेवला आहे. दोन लिप्यांच्या पाट्या वाचत वाढलेल्या आमच्यासारख्यांना येथे थांबावेच लागते. हद्दीच्या दगडाला कोणत्या भाषेत हाक मारायची, यावर तेथे कोणी अडून बसले नाही.

दगड मात्र याकोबाने गोळा करवले, आणि थोड्याच ओळींनी लाबान म्हणतो, ही रास मी उभारली. अभ्यासक येथे दोन परंपरांची सांधेजोड पाहतात. असेलही. मला त्यात लाबानच दिसतो.

राशीचे आणखी एक नाव मिस्पा, म्हणजे टेहळणीची जागा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात हा शब्द विरही प्रेमाची खूण म्हणून दागिन्यांवर कोरत. मुळात भाव वेगळाच आहे: तुझ्यावर माझी नजर राहणार नाही, तेव्हा देवाने ठेवावी. विश्वास उरला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते. शर्ती म्हणूनच इतक्या स्पष्ट आहेत. उपदेशक या प्रसंगाला मनोमीलन म्हणतात ते मला पटत नाही.

सकाळी लाबान नातवंडांचे आणि मुलींचे मुके घेतो, आशीर्वाद देतो आणि परत फिरतो. वीस वर्षांपूर्वी याकोब प्रथम आला, तेव्हा लाबानाने धावत जाऊन त्यालाही मिठी मारली होती, मुका घेतला होता. या सकाळी जावयाचा उल्लेख नाही.