सॉफ्टवेअर निवडताना आधी बाहेर पडायची वाट बघा

पीएचडीच्या तयारीत असलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात, "ताई, मुलाखतींसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" हाच प्रश्न कधीतरी मीही विचारला होता. मिळालेल्या उत्तराने आमच्या गटाचे तीन आठवडे खाल्ले. म्हणून आज जरा टीका करणार आहे. सॉफ्टवेअर निवडायची आपली जी पद्धत आहे, तिच्यावर.

आधी संदर्भ सांगते. एखादं ॲप माणसं प्रत्यक्षात कसं वापरतात, कुठे अडतात, का सोडून देतात, हे त्यांच्याशी बोलून आणि त्यांना वापरताना बघून समजून घ्यायचं, याला वापरकर्ता संशोधन म्हणतात. आमचा चौघांचा गट नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांना भेटत होता. हवामान आणि फवारणीचा सल्ला देणारं ॲप ते कसं वापरतात, हा विषय. एकूण २४ मुलाखती, सगळ्या मराठीत.

सुरुवात आम्ही सगळे करतात तशीच केली. 'सर्वोत्तम दहा साधने' छापाच्या याद्या वाचल्या. या याद्यांमध्ये सुविधांचा तक्ता असतो आणि ज्याच्यापुढे बरोबरच्या खुणा जास्त, ते जिंकतं. पण हा तक्ता गृहीत धरतो की मुलाखत इंग्रजीत झाली आहे, नेट जोरात आहे आणि पैसे कंपनी भरणार आहे. आपल्याकडे यातलं एकही बहुतेक वेळा खरं नसतं.

आम्ही एक विकतचं सॉफ्टवेअर चाचणी मुदतीत वापरायला घेतलं. नऊ मुलाखतींचं कोडिंग झालं. कोडिंग म्हणजे मजकुरातल्या वाक्यांना विषयाची लेबलं लावणं, उदाहरणार्थ 'सल्ल्यावर अविश्वास' किंवा 'दुकानदाराला विचारलं'. मग मुदत संपली आणि अनुदान काही आलं नव्हतं. काम बाहेर काढायला गेलो तर हातात एक देखणी पीडीएफ आली. कोणतं लेबल कोणत्या वाक्याला लावलं होतं, ती जोडणी आतच राहिली. नऊच्या नऊ मुलाखती पुन्हा केल्या. यात निम्मी चूक आमची, कारण बाहेर काय पडतं हे आम्ही पहिल्या दिवशी तपासायला हवं होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एका बागायतदार मावशींनी बोलताना सोसायटीच्या थकलेल्या कर्जाबद्दल सांगितलं आणि लगेच विचारलं, "हे कोण कोण ऐकणार?" मी म्हटलं, आम्ही चौघंच. संमतीपत्रातही तेच लिहिलं होतं. आठवड्याभराने आमच्यातल्या एकाने वेळ वाचावा म्हणून काही रेकॉर्डिंग एका फुकटच्या लिप्यंतर संकेतस्थळावर चढवली. त्यात मावशींचंही होतं. ते आम्ही काढून टाकलं, मार्गदर्शकांना कळवलं आणि मावशींना फोन करून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पण 'आम्ही चौघंच' हा माझा शब्द खोटा ठरला होता आणि तो कुठल्याही सुविधेने परत येत नाही.

वर ते लिप्यंतरही धड नव्हतं. द्राक्षावरच्या 'डावणी' रोगाचं त्याने सगळीकडे 'दावणी' केलं होतं. बाग सोडून आम्ही गोठ्यातच शिरलो!

तुम्ही म्हणाल, मग सरळ एक्सेल वापरू. जरूर वापरा, पण डोळे उघडे ठेवून. मी मूळची जीवशास्त्राची, त्यामुळे हे उदाहरण जवळचं आहे. 'मार्च१' किंवा 'सेप्ट२' अशी जनुकांची नावं एक्सेल परस्पर तारखेत बदलायचं. २०१६ च्या एका अभ्यासात, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० पर्यंत जनुकांचीच नावं बदलावी लागली. हे रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये! आपल्यासाठी याचं मराठी भावंडही आहे. देवनागरी मजकुराची सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की अनेकदा अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. तशीच सेव्ह केलीत तर संपलं. 'शेतकऱ्या'मधला 'ऱ्य' दोन कीबोर्डांवर दोन प्रकारे टंकला जाऊ शकतो. दिसायला सारखा, आतून वेगळा. मग शोध घेतल्यावर निम्म्या जागा सापडतच नाहीत.

आता आम्ही काय वापरतो? गावात रेंज नसते, म्हणून प्रश्नावलीसाठी कोबोटूलबॉक्स. ते ऑफलाइन चालतं आणि त्याचा फॉर्म साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये असल्याने ओडीकेमध्येही नेता येतो. लिप्यंतराचा पहिला खर्डा व्हिस्पर काढतं, पण आमच्याच संगणकावर, आणि प्रत्येक ओळ ऐकून माणूस दुरुस्त करतो. कोडिंगला टॅगेट. फुकट आणि मुक्तस्रोत, फक्त मजकुरापुरतं. ऑडिओ-व्हिडिओवर थेट लेबल लावायची असतील तर क्वालकोडर बघा.

विकतची सॉफ्टवेअर वाईट असं मी म्हणत नाही. एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए किंवा ॲटलस टीआय यांत मोठ्या गटाचं काम, विशेषतः दोघांच्या कोडिंगची तुलना, सोपी होते. ही तिन्ही रेफी-क्यूडीए हा देवाणघेवाणीचा समान नमुनाही ओळखतात. विद्यापीठाकडे परवाना असेल तर बिनधास्त वापरा. फक्त तो परवाना तुमच्या प्रबंधाआधी संपणार नाही ना, हे ग्रंथालयात विचारून घ्या.

माझा सल्ला एवढाच. निवड करायच्या आधी दोन छोट्या मराठी मुलाखती घ्या, एक गटातल्याच कोणाची, एक शेजाऱ्यांची. त्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, लेबलं लावा, सगळं बाहेर काढा आणि दुसऱ्याच संगणकावर उघडा. मग तीन प्रश्न विचारा. देवनागरी शाबूत आहे का? लेबल आणि वाक्याची जोडणी टिकली का? आणि या सगळ्यात आवाज कोणाकोणाच्या संगणकावर जाऊन आला? तिसऱ्याचं उत्तर संमतीपत्राशी जुळत नसेल, तर पहिल्या दोघांची उत्तरं कितीही चांगली असोत, ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नाही.

एका दुपारचं काम आहे. आमचे तीन आठवडे गेले, तुमचे जाऊ देऊ नका.