दिसणं आणि ऐकू येणं : मीनाक्षी शिरोडकरांचं एक गाणं



तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आज नट्यांवर काहून बोलतो, असं काहींना वाटत असेल. पण सौंदर्य हा आमच्या शास्त्राचा जुनाच विषय आहे. आणि सुंदर माणसाचं समाज काय करतो, हा तर सरळ नीतीचा प्रश्न.

इंग्लंडची सामंथा फॉक्स घ्या. १९८३ पासून 'द सन' दैनिकाच्या तिसऱ्या पानावरची मॉडेल म्हणून ती गाजली. १९८६ मध्ये तिचं 'टच मी' हे गाणं ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. १९९५ मध्ये 'रॉक डान्सर' या हिंदी चित्रपटातही ती दिसली. तरी नाव निघालं की लोकांना आठवतं ते छायाचित्रच. आपण लगेच निकाल देतो : आधी शरीर दाखवलं, मग गळा कोण ऐकणार? म्हणजे दोष क्रमाचा.

हा निकाल तपासून पाहू. क्रम उलटा असता, गाणं आधी आलं असतं, तर बाईचं ऐकलं गेलं असतं का?

उदाहरण आपल्याच घरात आहे. मीनाक्षी शिरोडकर, माहेरच्या रतन पेडणेकर, लहानपणीच शास्त्रीय संगीत शिकल्या होत्या. १९३८ मध्ये हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' आला. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं, संगीत दादा चांदेकरांचं. त्यात मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात आल्या आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. त्याच प्रसंगातलं गाणं त्यांनी स्वतः गायलं होतं. आज विचारा, लोक पोशाख सांगतात. गळा किती जण सांगतात?

आता त्या गाण्याकडे नीट कान द्या. त्यात यमुना आहे, कन्हैया आहे. गोपींच्या जलक्रीडेची कथा आपल्याला पाठ आहे : खोडी काढतो कृष्ण, लाजतात गोपी. इथे उलट आहे. बाई खेळायला बोलावते, आणि लाजतो कोण? व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला औदुंबर! सगळा विनोद या उलटापालटीत आहे, आणि ती कळते गाण्यातून. नुसतं चित्र पाहिलं तर एक बाई पाण्यात दिसते. गाणं ऐकलं तर एका शपथेचा पोकळपणा दिसतो.

सार्त्र म्हणतो, दुसऱ्याची नजर आपल्याला वस्तू करून टाकते. मी त्याला एवढंच जोडीन की आवाज त्या वस्तूला पुन्हा माणूस करतो, पण ऐकणारा हवा.

कुणी म्हणेल, मास्तर, तो पोशाख निर्मात्यांनीच लोकांना खेचायला वापरला ना? वापरला असेल, अत्रे आणि विनायक काही भोळे नव्हते. चित्रपटाची एक मर्यादाही मान्य करतो. किशोरीचं काम शेवटी औदुंबराचे डोळे उघडण्यापुरतं उरतं. तिला स्वतःला आयुष्याकडून काय हवं, हे फारसं कळत नाही. पण निदान त्यांनी तिला गाणं तरी दिलं. ते गाळून पोशाख तेवढा ठेवला, तो आपण. चित्रपट ज्या औदुंबराला हसतो, तोच औदुंबर प्रेक्षकांत बसला होता : बघायचंही आणि भ्यायचंही!

पुढे १९९३ मध्ये त्यांची नात नम्रता मिस इंडिया झाली, दुसरी नात शिल्पाही चित्रपटांत गाजली. नातींची ओळख करून देताना आजीचा पोशाख हमखास निघतो. आजीने केलेला रियाज निघत नाही.

तेव्हा दोष क्रमाचा नाही. सामंथाचं चित्र आधी आलं, मीनाक्षीबाईंचं गाणं आधी आलं. दोघींचं फळ एकच. दोष आपल्या कानांचा आहे, आणि कान सुधारता येतात. आज घरी गेल्यावर ते गाणं लावा. पहिल्यांदा डोळे मिटून ऐका, मग पाहा. दोन्ही वेळा काय कळलं ते पोरासोरांशी बोला.

आता प्रश्न विचारा.