चौकटीबाहेरचा वाळुंज

बायबलच्या १३७ व्या स्तोत्रातील बंदिवान बाबेलच्या नदीकाठी आपल्या वीणा वाळुंजांवर टांगतात. मराठी भाविकाला हे झाड बहुधा तेथेच प्रथम भेटते. पुण्यात मुळा-मुठेच्या काठीही ते ओल्या मातीत मुळे रोवून उभे आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

याच कुळातील विलो युरोपच्या पाणथळ प्रदेशात छायाचित्रकारांचा आवडता विषय आहे. तेथील शेतकरी त्याचा शेंडा पुरुषभर उंचीवर छाटत आले. त्यामुळे कोवळे फोक गुरांच्या तोंडी लागत नाहीत आणि काही वर्षांनी टोपल्या-कुंपणांसाठी काठ्या मिळतात. बुंध्यावरचे गाठाळ डोके म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोयत्याची खूणच होय. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८२ साली हेग येथे असे विलो रंगविले. पीटर हेन्री इमर्सनने नॉरफोकच्या पाणथळींवरील १८८६ च्या छायाचित्रसंग्रहात लव्हाळे कापणाऱ्या माणसांनाच मानाचे स्थान दिले. त्या चित्रांतील सौंदर्य कष्टांपासून तोडलेले नाही.

आपल्याकडील चित्रांविषयी हे म्हणता येत नाही. कवडीपाटसारख्या ठिकाणी हिवाळ्यात टिपलेली छायाचित्रे आम्ही आवडीने पाहतो. धुके, कोवळे ऊन, स्तब्ध बगळा. तंत्रात उणे काढावे असे काही नसते. परंतु पाण्यावरचा फेस, फांदीत अडकलेले प्लॅस्टिक आणि म्हशी धुणारा माणूस नेमके चौकटीबाहेर राहतात. मावळात राबासाठी फांद्या तोडलेले ऐनाचे झाड तर ओबडधोबड म्हणून वगळले जाते. वस्तुतः आपला ‘छाटलेला विलो’ तोच!

कोणी म्हणेल, छायाचित्र म्हणजे बातमी नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. पण ते साक्ष तर असते. नदीकाठ सुधार प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. काठची झाडे वाचावीत म्हणून एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी ‘चिपको’ मोर्चा काढला. या काठावर पूर्वी काय होते, असे उद्याची पिढी विचारील, तेव्हा उत्तर ही छायाचित्रेच देणार आहेत. अर्धेच सांगणारा साक्षीदार कितीही गोड बोलला, तरी त्याच्या शब्दावर न्याय होत नाही. आमच्या छायाचित्रकारांनी बगळा अवश्य टिपावा. मात्र तो ज्या पाण्यात उभा आहे, ते पाणीही दाखवावे.