नून अवस्थेचा पेपर वाचताना आधी गळती विचारा

प्रकाशाने अचूक मोजमाप कसं करायचं यावरचे पेपर चाळायला लागलात की 'नून' अवस्था भेटतेच: सगळे फोटॉन एक तर या वाटेने, नाहीतर त्या वाटेने. साध्या लेझरचे फोटॉन १०० पट केले तर चूक १० पटच घटते. नूनमध्ये १०० पट. मीही भाळले होते.

पण हिशोब करा. प्रत्येक फोटॉन टिकण्याची शक्यता ९०% धरली, तर दहाच्या दहा टिकण्याची उरते साधारण ३५%. आणि एक जरी हरवला, की फेजची माहिती गेलीच. २००४ च्या सुमाराच्या ३-४ फोटॉनच्या प्रयोगांनी सुंदर पट्टे दाखवले, पण सगळे फोटॉन पोचले तेवढेच प्रसंग मोजून. हरवलेल्यांचा खर्च कुठे गेला? माझी तक्रार हीच.

याउलट कार्लटन केव्हज यांचा १९८१ चा पेपर वाचा. ते आधी विचारतात, गोंगाट येतो कुठून? इंटरफेरोमीटरच्या रिकाम्या दारातून शिरणाऱ्या निर्वाताच्या चढउतारांतून. मग तिथूनच स्क्वीझ्ड प्रकाश सोडा! गळतीने त्याचाही फायदा घटतो, पण एकदम बुडत नाही. म्हणून २०१९ पासून लायगोच्या निरीक्षणांत तोच वापरतात.

विषय निवडताना आलेख नंतर बघा, गळतीचा आकडा आधी शोधा.