धुरीणत्व आणि अवतरणचिन्हे

अंतोनिओ ग्राम्शीच्या ‘हेजेमनी’ या संज्ञेसाठी मराठीत ‘वर्चस्व’ आणि ‘धुरीणत्व’ असे दोन शब्द चालतात. दुसरा कानाला जड असला तरी मला तोच जवळचा वाटतो. वर्चस्व म्हटले की एक दाबणारा आणि एक दबलेला डोळ्यांसमोर येतो. पोलीस, तुरुंग, दंडुका ही सत्तेची बाजू ग्राम्शीने नाकारलेली नाही. त्याचा प्रश्न पुढचा होता : दंडुका रोज उगारावा का लागत नाही? वरच्या वर्गाची जगाकडे पाहण्याची रीत खालच्यांनाही साधे व्यवहारज्ञान वाटू लागते, म्हणून. धुरा एकाच्या खांद्यावर असते, बाकीचे आपण होऊन मागे चालतात.

हे त्याला भाषेतून उमगले असावे, असे मला वाटते. तो सार्डिनियाचा, तुरीनला भाषाशास्त्र शिकला. १९२६ साली मुसोलिनीच्या राजवटीने त्याला पकडले. तुरुंगात लिहिलेल्या शेवटच्या वह्यांपैकी एक, १९३५ मधली, व्याकरणावर आहे. माणसे एकमेकांना हसतात, ‘काय म्हणालास?’ असे विचारतात, आणि त्यातून एक अलिखित व्याकरण घडते, असे तो तिथे दाखवतो.

हे मराठी कादंबरीला लावून पाहू. ‘बनगरवाडी’चा (१९५५) निवेदक शाळामास्तर आहे. तो प्रमाण मराठीत सांगतो, धनगर माणदेशी बोलतात. व्यंकटेश माडगूळकर स्वतः माणदेशचे. त्यांच्या मनात तुच्छता शोधूनही सापडणार नाही. (ही कादंबरी मी किती वेळा वाचली, याची मोजदाद नाही.) तरीही बोली अवतरणचिन्हांच्या आत राहते, आणि जिच्यात जग पाहिले व समजावले जाते ती भाषा बाहेर. मास्तर शिकलेला, तो तसेच सांगणार, असे कोणी म्हणेल. बरोबर. पण शिकलेला माणूस ‘तसेच’ सांगणार, हे आपल्याला इतके उघड का वाटते? वर्चस्व या शब्दाला इथे पकडायला काहीच सापडत नाही, कारण सक्ती करणारा कोणी नाही.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) नारबा हा शेतगडी सगळी कहाणी आपल्याच बोलीत सांगतो. गुराढोरांवरची माया, ट्रॅक्टर आल्यावरची पोरकी अवस्था, सगळे त्याच भाषेत. अवतरणचिन्हांची भिंत पडली. मराठी वाचकाने या कादंबरीला मान दिला आणि ‘ग्रामीण साहित्य’ या कप्प्यात ठेवले. सदाशिव पेठेत घडणारी कादंबरी मात्र नुसती ‘कादंबरी’ राहिली. ‘पेठी साहित्य’ अशी पाटी मला कोणत्याही ग्रंथालयात दिसलेली नाही. यादवांनी तो कप्पा झिडकारला नाही. ग्रामीण साहित्याच्या चळवळीचे ते पुढारी झाले, आणि खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले त्या नावाच्या आधाराने लिहिती झाली.