क्राऊस यांचा 'अँटेनाज' : नवशिक्या अभ्यासकाच्या दृष्टीने एक चिकित्सा

रेडिओ अभियांत्रिकीच्या अध्यापनात जॉन डी. क्राऊस (१९१०–२००४) यांच्या 'अँटेनाज' या ग्रंथास आधारग्रंथाचे स्थान लाभले आहे. त्याची पहिली आवृत्ती १९५० साली आणि दुसरी १९८८ साली प्रसिद्ध झाली. २००२ मधील तिसऱ्या आवृत्तीस रोनाल्ड मारहेफ्का यांचे सहलेखन लाभले. ग्रंथाची थोरवी सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. अँटेनाशी प्रथमच परिचय होणाऱ्या विद्यार्थ्यास अँटेना रचणे आणि ती मोजणे या दोन क्रिया हा ग्रंथ एकत्र शिकवतो काय, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

बहुतेक पाठ्यपुस्तके मॅक्सवेलच्या समीकरणांपासून निघून अतिसूक्ष्म द्विध्रुवापाशी येतात. तेथवर पोहोचेपर्यंत विद्यार्थ्याची दमछाक झालेली असते. पहिल्या आवृत्तीत क्राऊस यांनी वेगळी वाट धरली. ते प्रथम बिंदुस्रोत घेतात, म्हणजे तारेचा आकार, जाडी, धातू यांपैकी काहीही विचारात न घेता केवळ प्रारण कोणत्या दिशेस किती जाते हे पाहतात. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावरील दोन समान स्रोतांना एकाच कलेत ऊर्जा दिली, तर त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने प्रारण शून्य होते आणि काटकोनात कमाल होते. कला उलटी केली की चित्रही उलटते. एवढे समजण्यास शालेय त्रिकोणमिती पुरते. रेडिओचा संबंध येण्याआधीच दिशादर्शकतेचे मर्म वाचकाच्या हाती देणारा हा क्रम अध्यापनदृष्ट्या ग्रंथाचे सर्वांत मोठे बळ होय.

दुसरे बळ लेखकाच्या वृत्तीत आहे. १९४६ साली ओहायो राज्य विद्यापीठात प्रगामी तरंग नलिकेवर झालेल्या व्याख्यानानंतर क्राऊस यांनी पाहुण्या वक्त्यास विचारले, की अशा नलिकेतील सर्पिल अँटेना म्हणून वापरता येईल काय? प्रयत्न केला होता, जमत नाही, असे उत्तर मिळाले. नलिकेतील वेटोळ्याचा व्यास तरंगलांबीच्या मानाने फार लहान असतो, हे क्राऊस यांच्या ध्यानात आले. त्याच रात्री घराच्या तळघरात त्यांनी परीघ सुमारे एक तरंगलांबी भरेल असे सात वेढ्यांचे सर्पिल गुंडाळले आणि त्याच्या अक्षाच्या दिशेने वर्तुळाकार ध्रुवणाचा अरुंद झोत मिळाला. तार गुंडाळणे आणि मोजणे एकाच बैठकीत झाले. शिकण्याचा याहून चांगला नमुना ग्रंथात दुसरा नाही.

मात्र ग्रंथाची मांडणी या नमुन्यास जागत नाही. मापनाचे प्रकरण ग्रंथाच्या अखेरीस येते, आणि महाविद्यालयीन सत्रात अखेरचे प्रकरण बहुधा वाचायचे राहूनच जाते. परिणामी विद्यार्थी गणित सोडवतो, पण आकडा कोठून येतो हे त्यास उमगत नाही. अर्धतरंग द्विध्रुवाचेच उदाहरण घ्यावे. हौशी रेडिओचालकांच्या हस्तपुस्तिका सांगतात, की १४३ या अंकास मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे, मीटरमध्ये लांबी मिळते. त्याप्रमाणे १४५ मेगाहर्ट्झसाठी ती ९९ सेंटिमीटरच्या आसपास येते. पण मुक्त अवकाशातील अर्धी तरंगलांबी १५० या अंकाने निघते, मग हे सात कोठे गेले? हस्तपुस्तिका ते फारसे उलगडत नाहीत. क्राऊस सांगतात, पण विखरून. बारीक तारेच्या नेमक्या अर्ध्या तरंगलांबीचा संरोध सुमारे ७३ ओहम रोध आणि ४२.५ ओहम प्रतिघात असा असतो. तो प्रतिघात घालवण्यासाठी तार थोडी छाटावी लागते. एकीकडे कारण आहे, दुसरीकडे कृती आहे, आणि या दोहोंना सांधण्याचे काम एकट्या विद्यार्थ्यावर पडते.

यातून उद्भवणारा सर्वांत घातक गैरसमज स्थायी तरंग गुणोत्तराविषयीचा आहे. व्यवहारात 'एसडब्ल्यूआर' म्हणून ओळखला जाणारा हा आकडा १ च्या जवळ आला, की अँटेना उत्तम झाली असे नवशिका मानतो. वास्तविक ५० ओहमचा साधा रोधक तारेच्या टोकास लावला, तरी हा आकडा १ येतो आणि प्रारण मात्र जवळजवळ होतच नाही. त्याहून फसवी गोष्ट केबलची. १० डेसिबल ऱ्हास असलेल्या केबलचे टोक मोकळे सोडले, तर परतणारी लहर जाता-येता मिळून २० डेसिबलने क्षीण होते आणि मापक १.२२ दाखवतो. अँटेना नसतानाही निकाल उत्तम! २०१९ नंतर सर्वत्र पोहोचलेल्या नॅनोव्हीएनए या स्वस्त उपकरणाने ही चूक अधिक सुलभ केली आहे. मोकळे, लघुमंडलित आणि ५० ओहमचे अशी तीन टोके जोडून अंशशोधन कोणत्या बिंदूपाशी केले, केबलला हात लावताच वाचन हलते काय, हे न पाहता पडद्यावरील खोल दरीवर विश्वास ठेवला जातो. केबलच्या बाह्य आवरणावरून वाहणारा प्रवाह तिलाच अँटेनाचा भाग बनवतो, ही बाब वास्तविक पहिल्याच प्रात्यक्षिकात यावयास हवी.

मापनाच्या अंतराचा प्रश्नही असाच आहे. अँटेनाच्या सर्वाधिक मापाचा वर्ग दुप्पट करून तरंगलांबीने भागला, की दूरक्षेत्राची सीमा मिळते. सूत्र पाठ असते, पण त्याचा आवाका जाणवत नाही. तो जाणवण्यासाठी जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीकडे पाहावे. तेथील ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, आणि २१ सेंटिमीटर तरंगलांबीस तिचे दूरक्षेत्र सुमारे १९ किलोमीटरवर सुरू होते. एवढ्या अंतरावर, आणि तेही पुरेशा उंचीवर, प्रेषक कोठे उभारणार? म्हणून तबकडी आकाशातील तेजस्वी रेडिओस्रोतावरून आडवी फिरवून तिचा झोत मोजतात. क्राऊस स्वतः रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होते, हे येथे विसरता येत नाही.

महाविद्यालयीन मैदानावरील एक मीटरच्या द्विध्रुवास हे अंतर अवघे काही मीटर पुरते. तेथे अडचण जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या लहरीची असते. ग्राहक द्विध्रुव वरखाली केला की वाचन चढते-उतरते आणि क्राऊस यांचे दोन बिंदुस्रोत प्रत्यक्ष समोर येतात : एक अँटेना, दुसरी तिची जमिनीतील प्रतिमा. ग्रंथाचा बिंदुस्रोतांचा आरंभीचा भाग आणि मापनाचे अखेरचे प्रकरण अध्यापकाने एकाच आठवड्यात, उघड्या मैदानावर शिकवण्यास घ्यावे.